हलत्या हाताला चालणारा स्कॅनर

आमच्या वाचनालयाचं सभासद कार्ड लोक कशाकशासाठी वापरतात हे सांगितलं, तर ते छापणाऱ्याला रडू येईल. बोरीत बसस्टँडच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं हे वाचनालय आहे आणि मी त्याचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारा, घेणारा, सकाळी झाडू मारणारा आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनानं भरून ठेवणाऱ्यांवर दिवसभर ओरडणारा. कार्डावर नाव, नंबर आणि खाली बारकोडच्या काळ्या रेघा. त्या कार्डानं लोकांनी कान कोरले, बुटाला लागलेली काळी माती खरडली, ते डुगडुगणाऱ्या कुलरच्या पायाखाली घडी घालून सरकवलं. एका गुरुजींनी शर्टाबरोबर धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणलं आणि म्हणाले, "रेघा गेल्या, पर मला नंबर पाठ हाय की."

म्हणून आमच्या अध्यक्षांनी ठरवलं, की यापुढं कार्ड मोबाइलवर. अध्यक्ष म्हणजे माझ्या वडिलांचे जुने मित्र, निवृत्त कृषी अधिकारी. जन्मभर शेतकऱ्यांना नवनवीन वाणं सुचवल्यामुळं नवीन काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी परभणीहून कुणाकडून तरी करून घेतलं आणि एका सकाळी सगळ्या सभासदांच्या व्हॉट्सअॅपवर ज्याचं त्याचं कार्ड जाऊन पडलं.

निम्म्या लोकांनी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. काहींनी 'आपणासही हार्दिक शुभेच्छा' असं कळवलं. एकानं कार्ड डीपीला लावलं. एकानं आपला चेहरा आणि नाव तेवढं ठेवून खालच्या रेघा कापून टाकल्या, कारण त्या 'घाण दिसायल्या होत्या'. आणि इस्त्रीवाल्या गुरुजींनी मोबाइलवरच्या कार्डाची छापील प्रत काढून, तिला प्लास्टिक चढवून माझ्यासमोर ठेवली. मी गुरुजींकडं बघितलं, कार्डाकडं बघितलं आणि पाणी प्यायलो.

खरी गंमत पुढंच होती. आमच्याकडचा जुना स्कॅनर बंदुकीसारखा. घोडा दाबला की लाल रेघ पडायची आणि कागदावरचा बारकोड तो लगेच वाचायचा. मोबाइलच्या काचेवर मात्र ती लाल रेघ नुसती पडून राहायची. काच चमकायची, सभासद चमकायचा, स्कॅनर काही वाजायचा नाही. मोबाइलवरचं वाचणारे स्कॅनर वेगळे असतात हे आम्हाला कार्डं वाटून झाल्यावर कळलं. आमच्याकडं बहुतेक गोष्टी याच क्रमानं कळतात. आता तसला स्कॅनर निवडून आणायचा कुणी, असा प्रश्न समितीत निघाला आणि सगळ्यांच्या माना ठरल्याप्रमाणं माझ्याकडं वळल्या.

तोपर्यंत मी नंबर हातानं लिहून घेत होतो. पण माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. त्यावरून दोनचार भांडणं झाली, तेव्हा अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं, "दसऱ्यापासून हातानं लिवणं बंद. ज्याचं कार्ड वाजंल त्यालाच पुस्तक. मग तो कुणी का असंना."

हे ऐकून मला आईची काळजी लागली.

घरात आम्ही दोघंच. वडील काही वर्षांपूर्वी गेले आणि माझं लग्न ही, आईच्या मते, वाचनालयामुळं न सुटलेली एकमेव रहस्यकथा. बाकीच्या सगळ्या तिनं सोडवल्यात. खून, चोऱ्या, गायब झालेल्या मृत्युपत्रांच्या कादंबऱ्या ती शेंगदाणे खावेत तशी वाचते आणि निम्म्यातच खुनी कोण ते मोठ्यानं सांगते. रोज चारच्या सुमाराला ती धुतलेलं लुगडं नेसते, पिशवी घेते आणि वाचनालयात येऊन रांगेत उभी राहते. मी एकदा म्हणालो होतो, की तू कशाला एवढी चालत येतेस, मीच संध्याकाळी पुस्तक आणत जाईन.

"आणू नको," ती म्हणाली. "घरी तू माझा लेक, तिथं तू गिरंथपाल. अन् मला बाहीर पडायला कायतरी कारण पाहिजे का न्हाई?"

कारण खरंच उरलं नव्हतं. वडील गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. कुणी वाईट वागलं नाही, कुणी काही बोललं नाही, नुसतं बोलावणं यायचं थांबलं. संक्रांतीत गल्लीतल्या बायका नटूनथटून आमच्या दारावरून जातात, तेव्हा आई आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसते. वाचनालयाच्या रांगेत मात्र तिला कुणी मागं सरकवत नाही. तिथं ती नवीन कादंबरी कुणी पळवली याची चौकशी करते, भांडते, हसते, आणि येताना बसस्टँडवर कोण आलं कोण गेलं याची सगळी खबर घेऊन येते.

आता तिचा उजवा हात हलतो. डाव्यालाही आताशा सुरुवात झालीय. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण गोळ्यांचं ऐकेल तो तिचा हात कसला. कपबशी वाजते, बांगड्या वाजतात, पण मोबाइल ती कुणाच्या हातात देत नाही. कार्ड दाखवायचं तर स्वतःच दाखवणार. म्हणजे मला शोधायचा होता तो स्कॅनर नुसता मोबाइल वाचणारा असून भागणार नव्हतं. तो हलता मोबाइल वाचणारा हवा होता. समितीला मी हे सांगितलं नाही. आईसाठी स्कॅनर निवडतोय असं कुणी म्हणालं असतं तर माझं डोकं फिरलं असतं, आणि ते खरं असल्यामुळं जास्तच फिरलं असतं.

परभणीला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर कॉम्प्युटरच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदारानं माझ्यापुढं दोन नमुने ठेवले. एक हातात धरायचा, आमच्या जुन्याच्या वळणाचा, पण मोबाइलवरचं वाचणारा. दुसरा टेबलावर ठेवायचा, सपाट काचेचं तोंड आभाळाकडं करून बसलेला चौकोनी डबा. त्याच्या काचेवर आपण नुसता मोबाइल धरायचा, तो फोटो काढल्यासारखा टिपून घेतो.

मी आईचं कार्ड माझ्या मोबाइलवर घेतलेलं होतंच. मोबाइल उजव्या हातात धरला आणि हात थरथर हलवायला लागलो. हातातला स्कॅनर दुकानदारानं रोखला. काही नाही. मी थोडं कमी हललो, तरी काही नाही. थांबलो, तर लगेच टुंऽऽ.

"सर, तुमी मोबाइल हलवायलाव कामून?" दुकानदारानं विचारलं.

"हलवूनच बघायचंय."

"आमच्याकडं सगळे धरूनच बघतेत."

मी दुसऱ्या स्कॅनरकडं वळलो आणि आईचा हात आठवून आठवून हलवू लागलो. आधी मनगट, मग कोपर, मग उत्साहाच्या भरात खांदासुद्धा. मागं एक गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं स्टूल पुढं केलं आणि म्हणालं, "बसा, बसा जरा. पाणी आणू का? साखर कमी झाली का?" मी हलतच मानेनं नको म्हणालो, त्यामुळं ते आणखी घाबरलं आणि खरंच पाणी आणायला पळालं. तेवढ्यात डबा वाजला. टुंऽऽ. मी पुन्हा हललो, पुन्हा टुंऽऽ. इतका आनंद मला दहावी पास झाल्यावर झाला नव्हता. आणलेलं पाणी मी मुकाट्यानं पिऊन टाकलं, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

निवड माझी झाली होती, पण समितीनं बघितल्याशिवाय कुठली गोष्ट आमच्याकडं पक्की होत नाही. म्हणून दुकानदाराच्या ओळखीवर दोन्ही नमुने घेऊन आलो. पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा परत करायचा. अध्यक्ष म्हणाले, "खंडेनवमीलाच बघू. पूजा बी होईल, निवड बी होईल."

खंडेनवमीला आमच्याकडं औजारं धुऊनपुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. शेतात नांगर आणि विळे, दुकानात तराजू, वाचनालयात शिक्का, कात्री, पंच मशीन, डिंकाची बाटली, माझा झाडू आणि आता हे दोन स्कॅनर. अध्यक्ष पूजेला बसले. भिजवलेलं कुंकू घेऊन त्यांनी एकेका वस्तूचं कपाळ शोधायला सुरुवात केली. शिक्क्याचं सोपं होतं. झाडूला थोडा विचार करावा लागला. हातातला स्कॅनर आडवा पडला होता, त्याच्या पाठीवर बोट टेकवलं. टेबलावरच्या स्कॅनरचं कपाळ कुठलं याबद्दल मात्र त्यांना काही शंका आली नाही. मी ते बघितलं नाही, कारण मी बाहेर पायरीवर नारळाशी झगडत होतो. तो फुटता फुटेना आणि समितीतले तिघं मला नारळ कसा फोडावा यावर मार्गदर्शन करत होते.

आत आलो तर निकाल लागला होता. त्या दिवशी औजार चालवायचं नसतं हे अध्यक्षांना आमच्यापेक्षा जास्त माहीत, पण हात शिवशिवले. 'मुहूर्ताचं एकदाच' म्हणून त्यांनी हातातला स्कॅनर आपल्या मोबाइलवर रोखला. तो वाजला. टाळ्या पडल्या. मग मोबाइल टेबलावरच्या डब्यावर धरला. तो गप्प. उलटा धरला, आडवा धरला, जवळ, लांब. गप्प.

मी पुढं झालो, काचेवरचं झेंडूचं फूल उचललं आणि वाकून बघितलं. आत त्याचा लाल दिवा व्यवस्थित पेटलेला होता, काच लालेलाल दिसत होती. मीही माझा मोबाइल धरला. नाही म्हणजे नाही. परभणीत टुंटुं करून मला नाचवणारा हा गाढव बोरीत येऊन मुका झाला होता.

"खराब पीस दिसतोय," अध्यक्ष म्हणाले. "हा वाजतोय तोच ठेवू."

मी बोललो नाही असं नाही. दुसरा मागवून बघू, घाई कशाला, असं बरंच बोललो. पण मुका स्कॅनर समोर ठेवून माणूस किती बोलणार. हातातला स्कॅनर मंजूर झाला, प्रसाद वाटला गेला आणि मी तो डबा खोक्यात घालून घरी आणला, परभणीला गेल्यावर परत करायला.

दसऱ्यानंतर वाचनालय उघडलं आणि चारच्या सुमाराला आई रांगेत येऊन उभी राहिली. तिचा नंबर आला. तिनं मोबाइल पुढं केला. मी स्कॅनर रोखला. तिचा हात हलला तसा मी स्कॅनर हलवला, तर हात दुसरीकडं गेला. आम्ही दोघं मायलेक टेबलाच्या दोन बाजूंनी बराच वेळ एकमेकांना हुलकावण्या देत राहिलो. रांगेतलं कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणीतरी. हसण्यात वाईट काही नव्हतं, दिसायला ते गमतीचंच होतं.

"बंदूक दाखवून पुस्तक द्यायलास व्हय रं?" आईपण हसली. पण मग तिनं दुसऱ्या हातानं पहिला हात धरून बघितला आणि दोन्ही हात हलायला लागले, तेव्हा तिचं हसणं थांबलं.

मी हळूच म्हणालो, "नंबर मी टाकतो हातानं."

"समद्यांचं मशिनीनं अन् माझं हातानं कामून?" तिनं मोबाइल पिशवीत घातला. "ऱ्हाऊ दे. मशिनीला मी दिसंना, तर उगं कशाला उभं ऱ्हायचं."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चार वाजले की माझे डोळे दाराकडं जायचे. घरी गेलो तर ती घरातल्या जुन्या कादंबऱ्या पुन्हा वाचत बसलेली असायची, खुनी कोण हे माहीत असलेल्या. मी न सांगता एक पुस्तक घरी नेलं, तर तिनं ते न उघडता माझ्या पिशवीत परत ठेवलं. बोलायची नेहमीसारखं, पण बसस्टँडवरची एकही बातमी तिच्याकडं नसायची. मला फार वाईट वाटत होतं. आणि राग येत होता, अध्यक्षांचा, दुकानदाराचा, त्या हसणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त त्या खोक्यातल्या मुक्या डब्याचा.

शेवटी एका रविवारी परभणीला जायचं ठरवलं. दुकानदाराला चार शब्द सुनावायचे होते, ते मी पाठही करत होतो. वायर नीट गुंडाळावी म्हणून डबा खोक्यातून काढला, ती गुंडाळली आणि चहा घ्यायला आईसमोर बसलो.

"बोट बघू," आई म्हणाली.

"काय झालं?"

"बोटाला कुंकू कशाचं?"

मी बघितलं. अंगठा लाल होता. मी म्हणालो, असेल कशाचं तरी. असलं उत्तर रहस्यकथा वाचणाऱ्या बाईला देऊ नये. तिनं चहा बाजूला ठेवला. "देवघरात गेला व्हतास? न्हाई. मंदिरात? न्हाई. तू तर मंदिराच्या वाटंनं जात न्हाईस. मंग हात कशाकशाला लावला ते सांग. एकेक सांग." मी आरोपीसारखा एकेक वस्तू सांगत गेलो आणि वायरपाशी आल्यावर ती म्हणाली, "आण तो डबा इकडं."

दिवा बंद असताना काच काळी दिसत होती, आणि त्या काळ्या काचेच्या मधोमध वाळलेल्या कुंकवाचा हा एवढा पोपडा, त्यात एक तांदळाचा दाणासुद्धा. आतला लाल दिवा पेटला, की लालात लाल, आम्हा एवढ्या शहाण्यांपैकी कुणाला दिसणार.

"पूजा कुणी केली व्हती?"

मी अध्यक्षांचं नाव सांगितलं. आई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अरं, देवाच्या सुदीक डोळ्यांत कुंकू घातलं तर त्येला काय दिसंल?"

तिनं पदर ओला करून काच पुसली. हलणारा हात पुसायला फार चांगला, घासावं लागत नाही. मोबाइलच्या चार्जरला वायर लावली, दिवा पेटला. आईनं आपला मोबाइल काढला, कार्ड उघडलं, आणि तो तसाच थरथरता हात काचेवर धरला.

टुंऽऽ.

मी कुठल्याही मशीनच्या पाया पडणारा माणूस नाही, पण त्या क्षणी पडलो असतो. आईला तर खेळणंच मिळालं. तिनं चहाचा पुडा वाजवला, बिस्किटाचा पुडा वाजवला, टूथपेस्ट वाजवली, स्वतःच्या गोळ्यांचं खोकं वाजवलं आणि म्हणाली, "ह्या गोळ्यांपरीस ह्येच औषिद बरं." माझी पाठ केलेली भाषणं वाया गेली, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

अडचण एकच होती. मशीन कशानं बिघडलं होतं हे समितीत सांगायचं, म्हणजे अध्यक्षांच्या पूजेचं नाव घ्यायचं. माणूस मोठा, हौशी आणि हळवा. मी रात्रभर वाक्यं जुळवली, एकही जुळलं नाही. सोमवारी चारला आई रांगेत आली. टेबलावर मी डबा मांडून ठेवला होता आणि अध्यक्ष कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. आईनं हात पुढं केला. टुंऽऽ. हात जरा वर गेला, परत खाली आला. टुंऽऽ. टुंऽऽ.

"माझ्या नावावर समदं वाचनालय चढवलंस का रं?" ती म्हणाली. या वेळी सगळे हसले आणि ती सगळ्यांच्या वर हसली.

अध्यक्ष चष्मा सरसावत उठून आले. "वैनी, हे कसं काय वाजायलं? त्या दिवशी तर मेलं व्हतं."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "खंडेनवमीला हत्यार चालवत्यात का कुठं? तुमी चालवलं. त्येला सुट्टी पाहिजे व्हती, त्येनं घेतली."

अध्यक्ष गोरेमोरे झाले. रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. "माझंच चुकलं," अध्यक्ष म्हणाले, आणि तिथल्या तिथं टेबलावरचा स्कॅनर मंजूर झाला. दुसरा मी परभणीला परत केला. दुकानदारानं मला ओळखलं आणि आधी स्टूल पुढं केलं.

यंदा खंडेनवमी आली, तेव्हा आई आदल्या दिवशीच दोन कादंबऱ्या घेऊन गेली होती, मशीनला सुट्टी असणार म्हणून. तरी पूजेला मात्र आली. खुर्चीवर न बसता टेबलाला टेकून उभी राहिली. मला कळलं ती कशासाठी आलीय. अध्यक्षांनी शिक्का केला, कात्री केली, झाडू केला. मग कुंकवाचं बोट घेऊन ते डब्याकडं वळले आणि आईनं हात मधे घातला. काचेवर आडवा, थरथरता.

"तिथं नगं, भाऊजी. तिथून त्येला दिसतंय."

अध्यक्षांचं बोट हवेत राहिलं. ते काचेकडं बघत राहिले, मग स्वतःच्या लाल बोटाकडं, आणि मला वाटतं तेव्हा त्यांना गेल्या वर्षीचं सगळं समजलं.  त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी कुंकवाची वाटी उचलून आईच्या पुढं धरली.

"मग वैनी, तुमीच लावा. तुमाला त्याचं म्हाईत हाय."

 दोनचार बायका होत्या, त्या वाटीकडं बघायला लागल्या. इतक्या वर्षांत आईपुढं कुणी कुंकवाची वाटी धरली नव्हती. अध्यक्षांच्या ते लक्षात आलं होतं का, का तोंड लपवायला त्यांनी ती पुढं केली, हे मी अजून विचारलेलं नाही. मी उगीच नारळाकडं बघायला लागलो.

आईनं वाटीत बोट बुडवलं. डब्याला अलगद फिरवलं, त्याची पाठ आपल्याकडं केली आणि कुंकू लावलं. बोट हललं, टिळा वेडावाकडा होऊन लांब गेला. तिनं तो नीट केला नाही.

"मागून लावलंय," ती पदराला बोट पुसत म्हणाली. "उद्या मला वळखंल."